कूलरमागचा भुईचाफा

परवा धंतोलीत एका ओळखीच्या बाईंकडे सकाळी सातलाच गेले होते. त्यांनी यंदाचा कूलर नुकताच सुरू केलेला, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर. त्यात आणखी एक वास होता, पुसट. बोलता बोलता मी उठले आणि खिडकीतून मागे डोकावले. कूलरच्या स्टँडखाली, गळक्या पाण्याने भिजलेल्या मातीत, ना पान ना दांडी, थेट जमिनीतून उमललेली चार फुलं. पांढरी, ओठाला जांभळी. भुईचाफा! चहा निवून गेला.

आमच्याकडे तो आजीचा. पवनीच्या तिच्या बहिणीने कंद दिले, ते पदरात बांधून एसटीने आले. परसात न्हाणीच्या भिंतीलगत, कडुनिंबाखाली त्यांची जागा. आमची काळी माती पाणी धरून बसते, म्हणून आजी तिच्यात कन्हानची रेती आणि कुजलेला पाला कालवायची. पावसाळ्यात पानं यायची, वरून नक्षीदार, खालून जांभळट. दिवाळीच्या सुमारास ती पिवळी पडून आडवी झाली की गुढीपाडव्यापर्यंत तिथे थेंबभरही पाणी घालायचं नाही, हा तिचा कायदा.

एका जानेवारीत मी तो मोडला. आठेक वर्षांची असेन. ओकीबोकी माती बघून कीव आली आणि शाळेतून आल्यावर रोज तांब्याभर पाणी घालू लागले. चैत्र आला, फूल नाही. आजीने खुरप्याने उकरलं, एक कंद उचलला, नाकाशी नेला. लिबलिबीत झालेला. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात धुवायला गेली. रागावली असती तर मी केव्हाच विसरले असते.

पुढे एका नर्सरीत ऐकलं, ‘मॅडम, सावलीत ठेवा, रोज पाणी द्या, बाराही महिने फुलतो.’ साफ खोटं! हा पानगळीच्या रानाच्या रीतीने जगणारा गडी. त्याला सावली हवी ती पावसाळ्यात, पानं असताना. त्या चार महिन्यांत पानं कंदात जी बेगमी करतात, तिच्यावरच पुढच्या उन्हाळ्याचं फूल. मग कोरडी झोप. आणि साग उघडे पडलेले असतात, जमिनीपर्यंत ऊन पोचतं, तेवढ्यात हा फुलण्याचं काम उरकून घेतो. ऑक्टोबरात ‘कचरा दिसतो’ म्हणून हिरवी पानं छाटणाऱ्यांनी चैत्रात फुलाची वाट बघू नये.

शास्त्रीय नावात हा ‘केंफेरिया’. लिनियसने १७५३ साली एंगेलबर्ट केंफर या जर्मन डॉक्टरच्या नावाने ही जात नोंदवली. हे गृहस्थ १६९० ते १६९२ जपानात डच कंपनीच्या वखारीवर होते. गिंकोच्या झाडाची युरोपला ओळख त्यांनीच करून दिली. असतील मोठे, पण आमच्या न्हाणीमागच्या मातीशी त्यांचा काय संबंध? आपलं नाव तरी कुठे धड आहे म्हणा. हा चाफा नव्हेच, हळद-आल्याच्या घरचा. पण निदान त्यात भुई तरी आहे.

आमच्याकडे आता तीच नाही. आधी सिमेंटचा रस्ता झाला, अंगणापेक्षा हातभर उंच. मग २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि परसात गुडघाभर पाणी शिरलं. भावाने चिखल उपसला आणि वर पेवर ब्लॉक ठोकून टाकले. ‘झंझट मिटली,’ म्हणाला. तेव्हापासून त्याच्याशी माझं बोलणं कामापुरतंच. कारण विचारलं कोणी, तर वेगळंच काहीतरी सांगते.

धंतोलीच्या बाईंना कंद मागायला जीभ रेटली नाही. फुलावर असताना उकरू नये, हेही आजीचंच. दिवाळीनंतर जाईन, कालनिर्णयवर खूण करून ठेवली आहे. भावाच्या गच्चीच्या जिन्याखाली एक जुनं घमेलं सापडलं. त्याला खाली भोक आहेच.