मेतकुटातल्या पाटल्या

"नागपूरला चाललाच आहेस तर मावशीच्या पाटल्या घेऊन जा," असं आई म्हणाली तेव्हाच खरं तर नाही म्हणायला हवं होतं. पण आईला नाही म्हणायचे प्रसंग वर्षातून दोन-तीनच मिळतात आणि माझे गणपतीपर्यंतच संपले होते.

गोष्ट २०१९ च्या डिसेंबरमधली. क्लायंटकडे तीन आठवड्यांचं काम, मुक्काम वर्धा रोडवरच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात. बॅगेत लॅपटॉप, स्वेटर, आईने दिलेली मेतकुटाची मोठी बरणी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दोन पाटल्या. मावशी यात्रेला गेलेली, परतायला पंधरा दिवस. तोवर जिवाला घोर माझ्या.

पहिल्या दिवशी कपाटातल्या इलेक्ट्रॉनिक लॉकरमध्ये पाटल्या ठेवल्या, कोड टाकला आणि निर्धास्त झालो. पाचव्या दिवशी कोड लागेना. (बहुतेक मीच चुकीचा टाकला होता.) खाली फोन केला. ड्यूटी मॅनेजर आले, माझ्याकडे पाठ करून पाच-सहा बटणं दाबली आणि म्हणाले, "घ्या सर, उघडलं." पाणी पिऊन होईस्तोवर काम झालं होतं.

आता, मास्टर कोड असतो हे मला कळायला हवं होतं. पाहुणे कोड विसरणारच, त्यामुळे हॉटेलला मागचं दार ठेवावंच लागतं. पण कारखान्यातून लॉकर येतो तेव्हा हा कोड सहा शून्यांसारखा काहीतरी असतो, आणि बसवणाऱ्याने तो बदललाच नाही असं बरेचदा होतं. डेटाबेसचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन' ठेवणारे महाभाग आपण रोज बघतो, मग इथे वेगळं काय असणार? असो. माझा लॉकरवरचा विश्वास उडाला. पाटल्या सूटकेसमध्ये गेल्या, सूटकेसला तीन आकडी कुलूप.

दोन दिवसांनी रात्री प्रॉडक्शनला कोड चढवून दीड वाजता रूमवर आलो. सूटकेसचं ते कुलूप बघून वाटलं, हे तर पोरगं पण उघडेल. झोपेच्या तारेत एकदम हुशारी सुचली : मेतकुटाच्या बरणीत कोण हात घालणार? पिशवी आत खुपसली, वरून मेतकूट सारखं केलं आणि झोपलो. सकाळी गेस्ट हाऊसवर राहणारा टीममधला एक मित्र मला घ्यायला आला. मी दाढी करत होतो. "मेतकूट आणलंयस ना? आज भात लावतोय." मी आतूनच ओरडलो, "टेबलावर आहे, घेऊन जा सगळंच."

दुपारी दोनला झोप काढायला परत आलो, सूटकेस उघडली आणि पोटात गोळा आला. रात्रीची ती शेवटची हलवाहलव डोक्यातून साफ पुसली गेली होती.

मॅनेजरनी फार आरडाओरडा केला नाही. हातात मावेल एवढं एक यंत्र आणून दाराच्या कुलपाला लावलं. कार्डवाल्या कुलपात नोंद राहते, कुठल्या कार्डाने किती वाजता दार उघडलं त्याची. सकाळी मी गेल्यानंतर एकच ओळ होती : ११.४२, हाउसकीपिंगचं कार्ड. त्या मजल्यावर त्या दिवशी एकच मुलगा होता, भंडाऱ्याकडचा, वीस-एकवीस वर्षांचा. मला दादा म्हणायचा, रोज दोन बाटल्या जास्त ठेवून जायचा.

मी लॉग वाचणारा माणूस. लॉग खोटं बोलत नाही, हे मी ज्युनिअर पोरांना हजारदा सांगितलेलं. त्यामुळे स्क्रीनवरची ती ओळ बघितली आणि मी म्हणालो, "म्हणजे हाच."

त्याला मागच्या ऑफिसात बसवलं. माझ्यासमोर त्याची पिशवी उपडी केली. डबा, कंगवा, एसटीचा पास. तो एवढंच म्हणत होता, "मी तं फक्त चादर बदलली, दादा." आणि मी मोबाईलमध्ये बघत होतो. पोलिसात जायचं का, असं मॅनेजर दोनदा विचारून गेले.

साडेआठला मित्राचा फोन. "अरे, तुझ्या मेतकुटात बांगड्या कुणी घातल्यात?"

२०२४ च्या मार्चमध्ये सुरक्षा संशोधकांनी 'अनसॅफ्लोक' नावाने एक काम जाहीर केलं. डोर्माकाबा कंपनीच्या सॅफ्लोक कुलपांची तीस लाखांहून जास्त दारं, १३१ देशांत. हॉटेलचं कुठलंही एक कार्ड, अगदी जुनं झालेलं, हाताशी असलं की दोन बनावट कार्डं करायची आणि तिथलं कुठलंही दार उघडायचं. कंपनीला हे २०२२ मध्येच कळवलं होतं. मला हादरवलं ते त्यातल्या एका ओळीने : कुलपाच्या नोंदीत अशी चोरी चुकीच्या कर्मचाऱ्याच्या नावावर पडू शकते. आमच्या हॉटेलातलं कुलूप कुठल्या कंपनीचं होतं मला आठवत नाही, आणि तिथे चोरी झालीच नव्हती. पण तेव्हा माझ्याकडे जो 'पुरावा' होता, तो एवढंच सांगत होता की ज्याचं कामच दार उघडायचं आहे त्याने दार उघडलं.

हल्ली मी मौल्यवान वस्तू नेतच नाही. नेलीच तर रिसेप्शनला पाकीट सील करून देतो आणि यादीवर सही-शिक्क्याची पावती घेतो. वस्तू हॉटेलच्या ताब्यात दिली की जबाबदारी त्यांच्यावर येते. दिल्लीतल्या एका हॉटेलात पार्किंगवाल्याकडे दिलेली गाडी १९९८ मध्ये चोरीला गेली होती. पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' छापलं म्हणून हॉटेलला हात झटकता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं. म्हणजे माझ्या या उद्योगाच्या एक महिना आधी! रूममधल्या लॉकरचं तसं नाही, तिथे काय ठेवलं होतं हेच आधी सिद्ध करत बसा. आणि काउंटरवर पावती असली की मजल्यावरच्या पोराला कुणी बोलावत नाही.

त्या रात्री पाटल्या घेऊन धावत हॉटेलवर आलो तोवर त्याला घरी पाठवलं होतं. हॉटेलच्याच कागदावर लिहून दिलं की वस्तू माझ्याकडेच होती, चूक पूर्णपणे माझी. सही केली, एक प्रत मागून घेतली. मॅनेजर म्हणाले, "होतं सर असं, टेन्शन घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी चादर बदलायला दुसराच मुलगा आला. उरलेले दहा दिवस मी रोज रिसेप्शनला विचारत होतो आणि रोज एकच उत्तर, सुट्टीवर आहे. चेकआउटच्या दिवशी काउंटरवर नवीन मुलगी होती. तिने रजिस्टर बघितलं आणि विचारलं, "कोण सर?"