नवी पाटी

आमच्या घरी लेखनसाहित्याला कधी तोटा नव्हता. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एक अमरावतीत, एक अकोल्यात. बडनेरा ते अकोला हा आगगाडीचा प्रवास आता आमच्या संसाराचाच भाग झाला आहे. पेने, पाठकोरे कागद आणि तपासायच्या उत्तरपत्रिका यांच्या पसाऱ्यात आमची मुलगी लहानाची मोठी झाली. यंदा तिने ग्राफिक डिझाइनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि साहित्याच्या यादीत एक अनोळखी वस्तू आमच्यापुढे आली : ड्रॉइंग टॅबलेट. एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीवर तासभर बोलू शकणारे आम्ही त्या वस्तूपुढे निरुत्तर झालो.

अमरावतीतल्या एका दुकानात ‘चित्रे काढायचा टॅबलेट’ मागितला, तेव्हा आधी मोठ्या मोबाइलसारखे एक यंत्र आणि मग बटण दाबताच कोरी होणारी लहान मुलांची पाटी आमच्यासमोर ठेवण्यात आली. मुलगी हसली नाही. “आई, राहू दे,” एवढेच म्हणाली.

त्या ‘राहू दे’चा अर्थ आम्हांला ठाऊक होता. शाळेत असताना तिने एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या. इंटरमीजिएटला ‘अ’ श्रेणी मिळवली. तरीही अकरावीला आम्ही तिला विज्ञान शाखेत घातले आणि वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीसाठी अकोल्याला आजीकडे ठेवले. रंगांची पेटी आम्हीच माळ्यावर टाकली. दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे, असे तिला आणि त्याहून अधिक स्वतःला सांगितले. कलावंताच्या घुसमटीवर वर्गात रंगून बोलणाऱ्या आम्हांला घरातली घुसमट दिसली नाही. परीक्षेत हवे तेवढे गुण पडले नाहीत, आणि त्या अपयशानेच तिची सुटका केली. हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

म्हणूनच आम्हांला तिच्यासाठी सर्वांत महागडा, पडद्याचा टॅबलेट घ्यायचा होता. त्याची किंमत आमच्यापैकी जो अजून तासिका तत्त्वावर शिकवतो त्याच्या महिन्याच्या मानधनाहून अधिक होती. खरेदीच्या नावाखाली आम्ही प्रायश्चित्त करू पाहत होतो, हे तेव्हा उमगले नाही.

मग चौकशी सुरू झाली. या वस्तूचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात पडद्यावरच रेघ उमटते; दुसरा साधा काळा पाट असतो, हात मेजावर आणि डोळे संगणकाच्या पडद्यावर ठेवायचे. दोन्हींना सहसा संगणक लागतोच. या क्षेत्रातले जुने नाव वॅकॉम ही जपानी कंपनी. स्थापना १९८३, म्हणजे आमच्या अमरावती विद्यापीठाच्याच वयाची. ह्युऑन, एक्सपी-पेन ही चिनी नावे तुलनेने स्वस्त. पेन बिनबॅटरीचे असले तर चार्जिंगची कटकट नसते : पाटीखालच्या तारांच्या जाळीतून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींवर पेनातले वेटोळे चालते. दाबाच्या पातळ्या २०४८, ४०९६, ८१९२ अशा चढत जातात, तशी किंमतही चढते. आम्ही गुणपत्रिका वाचावी तसे हे आकडे वाचत होतो आणि अर्थातच मोठा आकडा निवडत होतो.

निर्णय अकोल्यात झाला. ओळखीतल्या एका कला विद्यार्थिनीकडे साधा, सहा इंच रुंदीचा टॅबलेट होता. मुलीने पेन हाती घेतले आणि ‘अ’ काढला. तो वेडावाकडा आला. हात एकीकडे, अक्षर दुसरीकडे; पहिलीतल्या मुलासारखी तिची जीभ दातांत आली होती. चौथ्या-पाचव्या वेळी गाठ जुळली. मग तिने वर्तुळ काढून पाहिले. ते लंबगोल झाले. पाटी आणि पडदा यांच्या लांबी-रुंदीचे प्रमाण जुळवावे लागते, हे तेव्हा कळले.

“बाबा, आपल्या अक्षराची जाडी दाबाने येतच नाही,” ती म्हणाली. “बोरूचा काप ज्या कोनात धरू, त्याने येते. तो कोन इथे ब्रशमध्ये ठरवून देता येतो. आठ हजार पातळ्या घेऊन मी काय करू?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. र. कृ. जोशी यांची दृश्यकविता आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. ते सुलेखनकार होते, हेही सांगतो. पण संगणकावर ज्या ‘मंगल’ टंकात आम्ही प्रश्नपत्रिका काढतो, तोही त्यांनीच घडवला, हे मुलीने सांगितले तेव्हा आम्हांला कळले. २००८ साली ते गेले. त्यांचे अक्षर रोज आमच्या डोळ्यांपुढे होते आणि आम्ही फक्त मजकूर वाचत होतो.

शेवटी तिने साधाच टॅबलेट निवडला. आकार मध्यम, कारण फार लहान पाटीवर केवळ मनगट हलते, लांब रेघेला कोपरापासून हात फिरावा लागतो, पेन बिनबॅटरीचे, टोके झिजतात म्हणून जादा टोकांची सोय. सॉफ्टवेअर म्हणून क्रिता आणि इंकस्केप, दोन्ही विनामूल्य. उरलेल्या पैशांत तिने चांगला कागद आणि शाई मागितली. अक्षर आधी कागदावरच सुचते, असे तिचे म्हणणे.

आजीने मात्र ती काळी पाटी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “यावर तर काहीच दिसत नाही माय! मंग याले पैसे कायले देल्ले?”

“दिसते आजी, पण दुसरीकडे,” मुलगी म्हणाली, आणि आजीचा हात हाती धरून तिने तिचे नाव लिहायला घेतले.

त्या रात्री माळ्यावरची पेटी आम्ही खाली काढली. बऱ्याच नळ्या वाळल्या होत्या. तिने त्या एकेक दाबून पाहिल्या, ज्या चालत होत्या त्या बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या आमच्या हाती दिल्या. बोलली काहीच नाही. आम्हीही त्या टाकलेल्या नाहीत.