तीन दिवसांचं पाणी

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं फिरून परत येत होतो. अम्मी, बायको, लेक आणि मी. रात्रीचे साडेदहा झाले होते. वाटेतल्या एका गावात लॉजवर फोन करून खोली आहे का विचारलं. "आहे, या" असं उत्तर आलं. काउंटरवरच्या मुलाने आधारकार्ड घेतलं, वाचलं, आत गेला. बाहेर आला तेव्हा खोल्या संपल्या होत्या. मी वाद घातला नाही. घालून काय होतं, हे आपल्याला ठाऊक असतं.

पुढच्या गावात जायची अम्मीची ताकद नव्हती. मग हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात गाडी लावली आणि रात्र काढली. अम्मीच्या इन्सुलिनचा थर्मास उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं. पहाटे तिला संडासला जायचं होतं आणि पंपावरच्या संडासाला कुलूप होतं. मी ड्युटीवरच्या पोऱ्याला उठवलं. तो काही न बोलता चावी घेऊन आला, बादलीही भरून दिली.

घरी आल्यावर मी ठरवलं की आता अशी गाडी करायची, ज्यात सगळं असेल. झोपायला जागा, पाणी, चूल, फ्रीज, संडास. कुणाच्या काउंटरवर कार्ड ठेवायला नको. आणि डांबरी रस्ता संपला तरी थांबायला नको.

अशा गाड्या जगात आहेत. मी रात्र रात्र त्यांचे व्हिडिओ बघायचो. जर्मन युनिमॉगवर बांधलेलं घर बघून मी वेडाच झालो. युनिमॉग मुळात दुसऱ्या महायुद्धानंतर शेतकामासाठी तयार झालेली गाडी. तिच्या चाकांचा मध्य अ‍ॅक्सलच्या खाली असतो, त्यामुळे गाडीचं पोट जमिनीपासून चांगलं उंच राहतं. खडकाळ जागी तिची चासी पिळवटते, कपडा पिळावा तशी. म्हणून वरची खोली चासीला घट्ट बोल्टने आवळत नाहीत. तीन किंवा चार ठिकाणी हलत्या सांध्यांवर ठेवतात. चासी वळते, खोली सरळ राहते. घट्ट आवळली तर भिंतींना तडे जातात.

हे सगळं मी आमच्या गॅरेजच्या वस्तादला उत्साहाने सांगितलं. तो जॅकखालून बाहेर आला आणि म्हणाला, "सर, तुमचं लायसन कितीचं?" हलक्या वाहनाचं लायसन्स 7500 किलोपर्यंत चालतं. युनिमॉगवरचं घर सहज त्याच्या वर जाऊ शकतं. पैशांचा प्रश्न त्याने विचारलाच नाही. मी शिक्षक आहे हे त्याला माहीत होतं.

मग आपल्याकडच्या गाड्या बघायला लागलो. पहिली फोर्सची गुरखा. चारही चाकांना ताकद, पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक. म्हणजे एक चाक हवेत लोंबकळलं तरी दुसरं गाडी ओढून काढतं. झोपण्यासाठी टपावर तंबू. मी आनंदात घरी आलो. अम्मीने तंबूचा फोटो बघितला आणि एकच विचारलं, "रात को उठना पड्या तो कित्ते सिड्या?"

शिडीला आठ पायऱ्या होत्या. अम्मी बहात्तर वर्षांची आहे.

दुसरा विचार होता डबल कॅबिनचा फोर बाय फोर पिकअप, मागे हलकी खोली बांधून. मी वही काढली आणि वजन मांडायला बसलो. तुम्हीही अशी गाडी करणार असाल तर रंग, पडदे, मॉडेल यांच्या आधी हेच करा. स्वयंपूर्ण गाडीत प्रत्येक दिवसाचं वजन असतं, आणि त्यात सगळ्यात जड पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो.

परदेशी व्हिडिओंतला पाण्याचा हिशेब आपल्याला लागू पडत नाही. त्यांचा संडास कागदावर चालतो, आपल्याला लोटा लागतो. त्यातून पाच वेळचं वुजू. हदीसमध्ये येतं की प्रेषित (स.) एक मुद पाण्यात वुजू करत. मुद म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आत. मी घरच्या बेसिनवर नळाखाली बादली ठेवून स्वतःचं वुजू मोजलं. पाच लिटर भरलं. वीस वर्षं मुलांना पाण्याची बचत शिकवणारा माणूस मी! मग मगातून सराव केला, चौथ्या दिवशी पाऊण लिटरवर आलो. चौघांचे वीस वुजू म्हणजे 15 लिटर. पिणं आणि स्वयंपाक 20. संडास, भांडी, तोंड धुणं 16. दिवसाला साधारण 50 लिटर झाले.

आता किती दिवसांचं न्यायचं? पहिल्यांदा मी सात लिहिलं होतं. सात दिवसांचं पाणीच 350 किलो होतं. बायकोने वही बघितली आणि म्हणाली, "सात दिवस एकाही माणसाला भेटायचं नाही, असं ठरवलंय का?"

मी चिडलो. खरं तर तिने नेमकं तेच ओळखलं होतं.

मग मुसाफिराचे मसले आठवले. चामडी मोज्यांवर मसह करण्याची मुदत मुकीमला एक दिवस आणि मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री. मेहमाननवाजीचा हक्कही तीन दिवसांचाच. पाणी मिळालंच नाही तर तयम्मुम आहे. चार रकातींच्या दोन होतात. मी हनफी, बायको कोकणातली, शाफई. ती प्रवासात जोहर-असर एकत्र पढते, मी पढत नाही. आमच्या घरात यावर वीस वर्षं हसतखेळत वाद आहे. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. प्रवासात पाणी संपतं, माणूस थकतो, अडतो, हे दीनने आधीच धरलेलं आहे. जकातीच्या हक्कदारांत मुसाफिराचं नाव कुरआनमध्ये आहे. घरी सुखवस्तू असला तरी वाटेत तो अडलेला असू शकतो. मी मात्र कधीच न अडणारा मुसाफिर व्हायला निघालो होतो.

सात खोडून तीन लिहिले. पाणी 150 किलो. माणसं 260. प्लायचं फर्निचर आणि पलंग 250. बॅटरी आणि फ्रीज 50. छोटा सिलिंडर व भांडी 40. हत्यारं 60. कपडे, शिधा 100. डिझेलचा कॅन 17. एकूण 927 किलो. गुरखात सात माणसं बसतात. माणशी 75 किलो धरले तरी सव्वापाचशे होतात. पिकअपच्या कागदावरही एवढा भार बसेना. भार जास्त झाला की ब्रेक, पाटे आणि टायर तिन्ही जातात, आणि विमा कंपनीला नकार द्यायला कारण मिळतं.

उरली तेरा सीटची उंच टपाची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. तेरा माणसं म्हणजे तशीच जवळपास टनभर. आत उभं राहता येतं. दारात दोन पायऱ्या, हाताला दांडी. अम्मी पास झाली. पण फोर बाय फोर नाही. शिवाय मागचा भाग लांब, नाल्यात उतरताना बूड घासणार. मी वस्तादपुढे तोंड पाडून बसलो. तो म्हणाला, "फोर बाय फोर अडकत नाही असं नाही सर. तो जरा पुढे जाऊन अडकतो." मग त्याने यादी दिली: फावडं, चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या, टायरची हवा कमी केल्यावर परत भरायला छोटा कॉम्प्रेसर. जिथे एवढ्यावर गाडी जाणार नाही, तिथे तिथल्या जीपवाल्याला पैसे द्यायचे.

शाळेची मुलं वाहिलेली एक गाडी घेतली. पाण्याच्या एका मोठ्या टाकीऐवजी 75 लिटरच्या दोन टाक्या, दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधे, खाली. उंचावर किंवा मागे ठेवल्या तर वळणावर पाणी गाडीला ढकलतं. फ्रीज, दोन पंखे, दिवे, मोबाइल मिळून दिवसाला साधारण 1000 वॅट-तास. त्यासाठी 12.8 व्होल्ट, 200 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. ती 2560 वॅट-तास साठवते, म्हणजे ऊन नसलं तरी अडीच दिवस. तेवढ्याच कामाच्या साध्या शिशाच्या बॅटऱ्या शंभर किलोच्या वर गेल्या असत्या. ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती बाहेर न ठेवता पलंगाखाली. गॅस पेटवताना खिडकी उघडी, आणि झोपताना शेगडी बंद. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बांधकामाचा प्रत्येक बदल आरटीओत नोंदवला. सुतारापेक्षा फाइलीला जास्त वेळ लागला.

पहिली चाचणी सोलापूरहून बार्शीमार्गे परांड्याला. संध्याकाळी रस्त्याकडेच्या एका शेताजवळ थांबलो आणि रात्रभर गाडी लावू का विचारलं. माणूस "नको" म्हणाला. त्याने माझं नाव विचारलं नव्हतं. तरी माझ्या मनाने कारण लावून टाकलं. कुठलं ते तुम्हाला सांगायला नको.

पण एक गोष्ट वेगळी होती. टाकीत पाणी होतं, अम्मी पलंगावर आडवी होती, इन्सुलिन थंड होतं. मी "बरं भाऊ" म्हणालो आणि पुढे निघालो. छातीत ती रात्र उठली नाही. आणखी दोन किलोमीटरवर दुसऱ्याला विचारलं. हा म्हणाला, "लावा की. पण इथे नको, आभाळ आलंय. काळी माती आहे, सकाळी चाकं बसतील. वर खळ्यावर घ्या." मग नाव विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "पाणी लागलं तर बोअर आहे."

रात्री खरंच पाऊस झाला. सकाळी मी खाली उतरून आधीची जागा बघून आलो. तिथे घोटाभर चिखल होता. खळ्यावरून गाडी पहिल्या झटक्यात निघाली.

परतताना मी अम्मीला म्हणालो, ती लॉजवाली रात्र अजून विसरता येत नाही. अम्मी खिडकीतून बघत म्हणाली, "उने खोली नै दिया, इने चाबी दिया था ना पंपपो? दोनो का हिसाब रख."

मला अजून दोन्ही हिशेब सारखे मांडता येत नाहीत. लॉजवाला लक्षात राहतो, पंपावरच्या पोऱ्याचा चेहरा आठवत नाही. पण गाडी कशी निवडावी असं कुणी विचारलं तर आता माझ्याकडे उत्तर आहे. कुणाची गरजच पडू नये इतकी मोठी घेऊ नका, ती तुम्हाला ओढवणार नाही. मागताना लाचारी नसावी आणि "नाही" ऐकून पुढे जाता यावं, एवढी घ्या. आमच्या हिशेबाने ते तीन दिवसांचं पाणी होतं.

मे महिन्यात किन्नौरमार्गे स्पितीला जायचा विचार आहे, इन्शाअल्लाह. वस्तादने मागचे पाटे बदलायला सांगितलेत.