माणसाला एक परवाना, विहिरीला दुसरा

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मक्याला पाण्यातून द्रवरूप नत्र द्यायचं असेल, तर शेतकऱ्याला आधी लेखी परीक्षा द्यावी लागते. स्वतःचं शेत, स्वतःची विहीर, स्वतःच्या पैशानं आणलेलं खत; तरीही परीक्षा चुकत नाही. प्रशिक्षण राज्य विद्यापीठाची विस्तार शाखा देते. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र चार वर्षं चालतं, मग पुन्हा परीक्षा.

एवढ्यानं काम भागत नाही. जिथून खत किंवा औषध पाण्यात मिसळलं जाणार, त्या प्रत्येक जागेला वेगळा परवाना लागतो आणि तो प्रत्यक्ष तपासणीनंतरच मिळतो. म्हणजे एक परवाना माणसाला, दुसरा विहिरीला. या व्यवस्थेतलं खरं शहाणपण या दुसऱ्या परवान्यात आहे, असं माझं मत आहे.

नेब्रास्कानं हा कायदा 1986 साली केला. फ्रँक झायबाक या शेतकऱ्यानं शोधलेल्या आणि 1952 मध्ये पेटंट मिळालेल्या 'सेंटर पिव्हट'नं तिथली शेती पालटली होती. मध्यबिंदूभोवती फिरणारा सुमारे 400 मीटरचा नळ 160 एकरांच्या चौकोनातलं जवळजवळ 130 एकर रान भिजवतो. त्याच नळातून खत सोडलं की मजुरी वाचते. शिवाय पीक मागेल तसं नत्र थोडं थोडं देता येतं, त्यामुळे ते मुळांखाली झिरपून वाया जाण्याचं प्रमाणही घटतं. तंत्र चांगलंच आहे. धोका आहे तो पाणी उलटं फिरण्यात.

पंप अचानक बंद पडला की नळातलं पाणी विहिरीकडे परत धावतं, नळात पोकळी तयार होते आणि ती टाकीतलं रसायन खेचून घेते. दुसरी शक्यता याहून वाईट. पाण्याचा पंप थांबला, पण रसायन ढकलणारा छोटा पंप चालूच राहिला, तर सगळी टाकी विहिरीत रिकामी होऊ शकते. तिसरीत छोटा पंप बंद पडतो आणि दाबाचं पाणी टाकीत शिरून ती ओसंडते.

तपासनीस येतो तो या तीन वाटा बंद आहेत का हे पाहायला. मुख्य नळावर पाणी परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, पोकळी मोडण्यासाठी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, गळून आलेलं पाणी विहिरीपासून दूर सोडणारी निचऱ्याची तोटी, रसायनाच्या नळीवर स्वतंत्र व्हॉल्व्ह, आणि एक पंप थांबला की दुसरा आपोआप थांबवणारी जोडणी. मुख्य व्हॉल्व्हजवळ उघडता येणारं झाकण असावं लागतं. यंत्रणा चालवायची, बंद करायची, झाकण काढून पाणी मागे येतंय का ते पाहायचं. व्हॉल्व्ह विकत घेतल्याची पावती इथे कामाची नाही.

हे काम करतात नैसर्गिक संसाधन जिल्हे. राज्यात असे 23 जिल्हे आहेत. त्यांच्या हद्दी नदीखोऱ्यांप्रमाणे आखलेल्या असून त्यांची मंडळं लोकांनी निवडून दिलेली असतात. अपघात झाला, किंवा झाल्याचा नुसता संशय आला, तरी लगेच कळवणं बंधनकारक आहे. कारण खेड्यापाड्यांत पिण्याचं पाणीही त्याच भूजलातून येतं. त्यात नायट्रेट-नत्र लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते.

कीटकनाशकांच्या बाबतीत देशाच्या पातळीवर आणखी एक पाऊल पडलं. 1987 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं कंपन्यांना सांगितलं, की हे औषध सिंचनातून द्यायला चालतं की नाही ते लेबलवर छापा. चालत असेल तर सुरक्षा साधनांसह सगळ्या सूचना द्या, नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

महाराष्ट्रात पिव्हट क्वचितच दिसतो, पण ठिबकच्या वाहत्या पाण्याच्या जोरावर ड्रममधलं खत ओढून घेणारी व्हेंचुरी गावोगावी आहे. 19:19:19, 12:61:00, 0:52:34 ही विद्राव्य खतांची आकड्यांतली नावं द्राक्ष-डाळिंबवाल्यांना तोंडपाठ असतात. पिठ्या ढेकणासाठी काही बागायतदार कीटकनाशकही ठिबकमधून सोडतात. व्हेंचुरीला वेगळी मोटर नसते. पाणी थांबलं की तिचं खेचणं थांबतं, म्हणून नेब्रास्कातली दुसरी भीती इथे कमी. पहिली मात्र कायम आहे. शेतीची वीज इथे ठरावीक तासच असते आणि त्या तासांतही ती जाते-येते. ऑटोस्टार्टरवरची मोटर मध्यरात्री आपोआप सुरू होते, तशीच बंद पडते. खताचा ड्रम भरलेला, नळी त्यात सोडलेली, रानात कोणी नाही. अशा वेळी एनआरव्ही, म्हणजे पाणी परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळका असेल आणि एअर व्हॉल्व्ह जाम झालेला असेल, तर ड्रममधलं पाणी विहिरीत जायला कसलाच अडथळा उरत नाही. आणि वस्तीवरची माणसं अनेकदा त्याच विहिरीचं पाणी पितात.

भारतात 1968 चा कीटकनाशक कायदा विक्रेत्याला परवाना घ्यायला लावतो, व्यावसायिक फवारणी करणाऱ्यालाही लावतो. स्वतःच्या रानात औषध देणाऱ्याला मात्र परीक्षा नाही. लाखो अल्पभूधारकांवर नेब्रास्काची परीक्षा जशीच्या तशी लादावी, असं मी म्हणणार नाही. कागदपत्रांच्या फेऱ्यांतच ती संपेल. विहिरीच्या परवान्याचं तसं नाही. ठिबकच्या अनुदानासाठी कृषी विभागाची मोका तपासणी आजही होते, अधिकारी बांधावर येऊन बसवलेला संच पाहतात. त्याच भेटीत मोटर चालवून बंद करावी, एनआरव्ही पाणी धरतो का आणि एअर व्हॉल्व्ह उघडतो का ते पाहावं, आणि गळका व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय अनुदानाचा अहवाल पुढे पाठवू नये. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, नवं खातंही लागणार नाही.