गच्चीवरून चंद्र

मैत्रिणींनो, कोजागरीला दूध आटवताना आपण चंद्र पाहतोच. पण दुर्बीण लावायची ती त्या रात्री नव्हे! पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं. सावल्या नाहीत, म्हणून सगळं सपाट दिसतं.

आमच्या साताऱ्यात शुद्ध अष्टमीला, अजिंक्यतारा अंधारात बुडाला की गच्चीवर या. लहानशी दुर्बीणही पुरते. उजेड-अंधाराच्या सीमेलगत खड्ड्यांचे काठ कसे उठून दिसतात! थिओफिलस तर १०० किलोमीटर रुंद, म्हणजे साधारण सातारा ते पुणे, मधोमध डोंगर. शेजारचा करडा डाग शांतिसागर. १९६९ साली माणूस तिथंच उतरला.

आणि संकष्टीला? चंद्रदर्शन झालं की आधी उपास सोडा. चंद्र वर चढला, की थरथर कमी होते. मग सासूबाईंनाही बोलवा. इतकी वर्षं अर्घ्य दिलं, एकदा जवळून पाहू देत की!