लग्नघरातलं अंतर

‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ हा १९४६चा अमेरिकन चित्रपट लग्नाने संपतो, म्हणून तो गोड शेवटाचा, असं म्हणणाऱ्यांशी मी मनापासून भांडेन. इतकं खडतर लग्नघर मी पडद्यावर दुसरं पाहिलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धातून तिघे जण एकाच गावी परततात. त्यांतल्या होमर या खलाशाला हात नाहीत. त्या जागी पोलादी आकडे आहेत. ही भूमिका करणाऱ्या हॅरॉल्ड रसेलचे हात १९४४ साली, सैन्यात प्रशिक्षण देताना झालेल्या स्फोटात खरोखरच गेले होते. होमर दिवसा त्या आकड्यांनी काडी पेटवतो, ग्लास उचलतो. पण एका रात्री तो त्याच्यावर प्रेम करणाऱ्या विल्माला आपल्या खोलीत नेतो आणि आकडे उतरवून दाखवतो. आता वाऱ्याने दार लागलं तरी मला ते उघडता यायचं नाही, असं तिला सांगतो. विल्मा त्याच्या सदऱ्याची बटणं लावते, त्याला पांघरूण घालते. माझ्या लेखी त्यांचं लग्न त्या रात्रीच लागलं.

म्हणून शेवटी तो आकड्यांत अंगठी धरून विल्माच्या बोटात घालतो, तेव्हा तिचा हात जराही मागे येत नाही याचं नवल वाटत नाही. नजर मात्र दुसरीकडे ओढली जाते. होमरच्या बाजूला तिघांतला दुसरा, फ्रेड, उभा आहे; खोलीच्या पार पलीकडे त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती पेगी. तिच्या वडिलांनी, म्हणजे तिघांतल्याच अ‍ॅलने, विवाहित फ्रेडला तिच्यापासून दूर राहायला बजावलं होतं. आता फ्रेडचा संसार मोडला आहे. ग्रेग टोलंडचा कॅमेरा जवळची आणि लांबची माणसं सारखीच स्पष्ट दाखवतो. कुणाकडे बघायचं हे दिग्दर्शक विल्यम वायलर आपल्यावर सोडतो. शपथा होमर आणि विल्मा घेतात, पण त्यांतला शब्द न् शब्द फ्रेड आणि पेगीच्याही कानांवर पडत असतो. वायलर स्वतः युद्धाचं चित्रण करताना एका कानाने बहिरा होऊन परतला होता. चार माणसांत असूनही एकटं पडणं त्याला कुणी शिकवायला नको होतं.

विधी आटोपतो. पाहुणे वधूवरांभोवती गोळा होतात आणि मधली जागा मोकळी होते. फ्रेड ती ओलांडून पेगीकडे जातो. तिला मिठीत घेऊन तो काय सांगतो? वर्षानुवर्षं हाल निघतील, पैसा नसेल, राहायला धड घर नसेल, धक्के खावे लागतील. बाँबफेकी विमानांतून लढलेल्या या माणसाला नुकतंच काम मिळालं आहे ते भंगारात निघालेली विमानं मोडण्याचं. त्यांच्या पत्र्यातून लोकांसाठी तयार घरं उभी राहणार आहेत. म्हणजे तो बोलतो ते तंतोतंत खरं आहे. विजयाचं, पदकांचं नावही तो काढत नाही. पेगी सगळं ऐकते आणि हसते, आणि ते हसू मला भाबडं वाटत नाही. ती इस्पितळात काम केलेली मुलगी आहे. फ्रेडला झोपेत जळत्या विमानाच्या आठवणीने ओरडताना तिने पाहिलं आहे, त्याला शांत केलं आहे. ती कशाला हो म्हणते आहे, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.