न धुतलेला रोल

आमचे मानपाड्याचे जुने घर गेल्या वैशाखात आम्ही रिकामे केले. ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी ते कौलारू घर उभे होते. माझ्या लहानपणी त्याच्या भोवती भातखाचरे होती. अलीकडे उंच इमारतींच्या सावलीमुळे तेथे भर दुपारीच संध्याकाळ होई. घर मोडायचे ठरल्यावर मी आणि माझी धाकटी बहीण माळ्यावर चढलो, आणि तांब्याच्या घंगाळात, जुन्या पंचांगांच्या खाली, अण्णांचा आग्फा क्लिक-३ कॅमेरा हाती आला. या कॅमेऱ्याच्या पाठीवर एक लहानशी तांबडी काच असते आणि तिच्यातून आतल्या कागदावरचा चित्राचा आकडा दिसतो. तेथे ९ हा आकडा होता.

तो आकडा माझ्या ओळखीचा होता. रोल बारा चित्रांचा. तो संपल्याखेरीज धुवायला द्यायचा नाही, असा आमच्यासारख्या मध्यम स्थितीतल्या घरांचा त्या काळी दंडकच असे. १९८१ च्या उन्हाळ्यात अण्णांनी आठ चित्रे काढली. त्याच वर्षी श्रावणात आई गेली. मी अकरा वर्षांचा होतो आणि बहीण तीन वर्षांची. रोल तसाच राहिला. पुढे चार इंग्रजी पुस्तके वाचून माझी जीभ धारदार झाली त्या दिवसांत मी अण्णांना एकदा म्हणालो, "आईचा शेवटचा रोल धुवायला तुमच्यापाशी चार रुपये नव्हते का?" ते इतकेच म्हणाले, "रोल अजून संपलेला नाही." या उत्तराचा अर्थ मी कंजुषी असा लावला, आणि अण्णा गेले तरी तो बदलला नाही.

"दादा, आपण तो धुवून घेऊ या," बहीण म्हणाली. "मला आईचा चेहराच आठवत नाही."

माझे मन मात्र कचरत होते. रोल धुतला नव्हता तोवर आई त्यात होती, असे निदान म्हणता येत होते. धुतल्यावर कोरी पट्टी हाती आली तर तेही म्हणता येणार नव्हते. आणि रोल काही दुसऱ्यांदा धुता येत नाही.

शेवटी ठाण्यातील एका वृद्ध छायाचित्रकारांकडे आम्ही गेलो. त्यांनी आपली अंधारखोली अद्याप मोडलेली नाही. त्यांनी सारे शांतपणे समजावून सांगितले. फिल्मवरील चांदीच्या क्षाराच्या कणावर उजेड पडला की त्यात चांदीचे जेमतेम चार-दोन अणू मोकळे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही; पण रसायनात बुडविताच तेवढ्या खुणेवरून तो सबंध कण काळी चांदी बनतो. वर्षे लोटली की ही खूण हळूहळू पुसत जाते, आणि ज्या कणांना उजेड शिवलाही नव्हता ते उष्म्याने नि ओलीने आपोआप काळवंडू लागतात. चित्र आतून विरत असते आणि वरून धुके चढत असते. आठवणींचे तरी याहून निराळे काय होते?

स्वीडनचा आंद्रे १८९७ साली दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि परतला नाही. १९३० साली एका बर्फाळ बेटावर त्या तिघांचे अवशेष सापडले आणि त्यांच्याबरोबर फिल्मही सापडल्या. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी तेहतीस वर्षांनंतर त्यांतून ९३ चित्रे वाचविली. बर्फावर कोसळलेले बलून आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली माणसे आजही त्यांत दिसतात. पण तेथे ध्रुवाची थंडी राखणीला होती. आमच्या रोलने चाळीसांहून अधिक पावसाळे ठाण्याच्या दमट हवेत काढले होते.

छायाचित्रकारांनी गर्द काळोखात रोलच्या शेवटचा, न वापरलेल्या तीन चित्रांचा तुकडा कापून घेतला आणि धुके किती चढले आहे याची परीक्षा आधी त्यावर केली. अण्णांची काटकसर अशी कामी आली. मग रसायनाचे भांडे बर्फात ठेवून, धुके आवरण्यासाठी त्यात थोडे पोटॅशियम ब्रोमाइड घालून, त्यांनी उरलेली पट्टी धुतली.

पहिल्या सात चौकटींत डागांवाचून काही नव्हते. आठवीत अंगणातल्या विहिरीपाशी आई उभी होती. चेहऱ्याच्या जागी धुकेच होते. लुगड्याचा काठ आणि कठड्यावर टेकलेला हात मात्र स्पष्ट होता. बहीण बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढीशीच होती का रे ती, दादा?" तिला चेहरा मिळाला नाही, आईची उंची मिळाली.

आणि नवव्या चौकटीतही चित्र होते! तीच विहीर, तोच कठडा, अण्णा उभे राहत तीच जागा. कठड्याजवळ कोणी नाही. आठवीत मागचा डोंगर उघडा होता. नववीत विहिरीभोवती गुडघाभर गवत माजले होते. म्हणजे ते चित्र पावसाळ्यानंतरचे. माणसावाचून एक चौकटही न खर्चणाऱ्या माझ्या वडिलांनी आई गेल्यावर तेथे उभे राहून एकदा कळ दाबली होती. चित्र काढताच चक्री फिरवून पुढचा आकडा आणून ठेवायचा, ही त्यांची सवय. या खेपेस त्यांनी ती फिरविली नाही.

चार रुपयांचा तो प्रश्न मला आता परत घेता येत नाही. छायाचित्रकारांनी विचारले, "छापायचे कोणते?" बहिणीने आठवे सांगितले. मी नववे मागून घेतले. ते माझ्या टेबलावर आहे, येणाराजाणारा विचारतो, "या विहिरीत काय आहे हो एवढे?" मी म्हणतो, "आमच्या अण्णांनी काढलेले चित्र आहे."